ब्लॉगचं पहिलं वर्ष आणि फ्लेक्सवाले पाव्हणे

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात कोण कधी जाणार हे यमाच्याही आधी एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे आमचे पाव्हणे, माझ्या धाकट्या बहिणीचे दीर. वडूजला त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवसाचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे आणि भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स एकाच मशीनमधून निघतात. फोटोही बहुधा तोच असतो, वरची ओळ तेवढी बदलते. छापलेले चेहरे ते वाळायला छताला टांगतात. पंखा लागला की सगळे एकदम माना हलवतात. त्यातले हयात किती, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. पाव्हणे मात्र त्यांच्याखाली बसून निवांत वडापाव खातात. लग्नात भेटले तरी एक डोळा बारीक करून बघतात, आणि आपल्याभोवती झेंडूची चौकट बसते आहे हे आपल्याला आतून कळतं. एकदा भर पंगतीत मला म्हणाले, "पावणं, फेटा बांधून एक फोटो काढून ठिवा. ऐन वेळी घरची मानसं आधार कार्डावरचा आणत्यात. लय वंगाळ दिसतं."

गेल्या वर्षी मी ब्लॉग सुरू केला तेव्हा त्याचे पहिले, आणि बरेच दिवस एकमेव, वाचक हेच. मी साताऱ्यात बसून भेटलेल्या माणसांवर लिहायचं आणि पाव्हण्यांनी मशीन चालू ठेवून मोबाईलवर वाचायचं. पहिला लेख इस्लामपूरच्या माझ्या चित्रकलेच्या मास्तरांवर होता. मास्तर लेख वाचून खूश झाले आणि पंधरवड्यात गेले. मग आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या काकांवर लिहिलं. तेही गेले. म्हसवडच्या कासारीण मावशींवर लिहिलं, तेव्हा संध्याकाळीच वडूजहून फोन.

"पावणं, म्हातारीचा एखादा बरा फोटो हाय का तुमच्याकडं?"

"अहो, मावशी ठणठणीत आहेत."

"हायत की. म्हणूनच सवडीनं मागतोय."

आठवड्याभरात मावशी गेल्या.

तिघंही ऐंशीच्या पुढची होती, हे मी सगळ्यांना सांगून पाहिलं. पण पाव्हण्यांनी बातमी नात्यागोत्यात पोचवली होती. माझे सासरे मला जुन्या आठवणी सांगेनासे झाले. सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांनी कधी साधी ओळख दाखवली नव्हती, ते मला बोलावून चहा पाजू लागले. खरं सांगतो, मला भारी मजा येत होती. लेखकाचा एवढा दरारा एरवी कुठे असतो? प्रयोग म्हणून मी एका नकोशा माणसावर लांबलचक लेख लिहिला. त्याची शुगर उतरली.

"जीव लावून लिवलं न्हाई तुमी," पाव्हण्यांनी निदान केलं. "मायेनं लिवलेलंच लागू पडतंय."

हे ऐकलं आणि पहिल्यांदा मला माझ्याच लिहिण्याची भीती वाटली. म्हणूनच आत्ता त्यांच्याविषयी जपून लिहितो आहे. पाव्हणे घोरतात, चहात साखर ओततात आणि नेलेली छत्री परत करत नाहीत.

उन्हाळ्यात त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं. वीज गेली होती. टांगलेले चेहरे प्रथमच स्थिर होते आणि सगळे आमच्याकडे बघत होते.

"पावणं," ते खाली बघत म्हणाले, "आमच्या आण्णांवर लिवा की."

आण्णा म्हणजे त्यांचे वडील. जन्मभर मेंढरं राखलेला हा माणूस दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. पाठीला जखमा झालेल्या, कुणाची ओळख नाही.

"कूस बदलली की ल्हान पोरावानी रडत्यात ओ. मला बघवंना. तुमी लिवा. मायेनं लिवा."

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो, आण्णांच्या उशाशी बसलो. दिवस मावळताना आण्णांनी ओठ आवळून मेंढरांना हाळी घातली, "हुर्र, हुर्र." मेंढरं विकून कितीतरी वर्षं झाली होती. तरी मोकळ्या अंगणात बारीक खुरांचा आवाज झाल्यासारखा मला वाटला. बहीण दारात भाजी निवडत होती. ती उंबऱ्यावरून बाजूला सरकली, वाट दिल्यासारखी.

लेख लिहून झाला. वर्षभरात त्याहून चांगलं मी काही लिहिलेलं नाही. परवा ब्लॉगला वर्ष पूर्ण झालं. आज टाकूनच देऊ, म्हणून बटणापर्यंत बोट नेलं आणि फोन वाजला.

"झालं का ओ लिवून?"

"थोडंसं राहिलंय," मी म्हणालो.

पलीकडे मशीन चालू होतं. पाव्हण्यांनी ते बंद केलं.

"ऱ्हाऊ द्या मग. काय घाई न्हाई. आज दुधात कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली त्यांनी. मला इचारलं, कुणाचा रं तू?"

मी बटणापाशी नेलेलं बोट मागे घेतलं.

"म्हनलं, तुमचाच."