नंबर संपायची धास्ती

संगणकानं विचारलं, ‘कायमचं पुसायचं का?’ आणि मी घाबरून ‘नको’ म्हणून मोकळी झाले. वर आमच्या संगणकवाल्या सरांना फोनवर ठणकावून सांगितलं, “पुसलं!” आज नातवंडांसमोर मी मोठी शहाणी म्हणून मिरवते. तेव्हाची अक्कल त्यांना ठाऊक नाही, तेच बरं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. वसमतला एका हळदीच्या कंपनीत मी पावत्या काढायला होते आणि हे सर संगणक सांभाळायला. औंढ्याकडच्या तांड्यावरचे. सकाळी चपला काढायच्या आधी दारातूनच विचारायचे, “ताई, नंबर कुठवर आला?” जसा काही ओढ्याचा पूर चढतोय!

छापायच्या प्रत्येक पावतीला संगणक एक नंबर द्यायचा. त्या नंबरांना हद्द होती. हद्द आली की पुन्हा एकपासून सुरुवात. पण त्या नंबरावरची जुनी पावती संगणकातून पुसलेली नसेल तर नव्या पावतीला नंबर नाही, छपाई बंद. सरांना याचीच धास्ती. जेवता जेवता उठायचे, भाकरीचा तुकडा हातात घेऊन पडदा बघून यायचे.

“सर, नंबर काय पळून चालले व्हय?” मी चिडवायची.

“पळत न्हाईत ताई, संपतेत.” हसायचे मात्र नाहीत. अशी कायम भेदरलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो, आणि आपलं काम त्यांच्या भीतीवर चाललेलं असतं.

बहिणीच्या लग्नाला तांड्यावर जाताना पुसायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. पुसायची ती नुसती छपाईची नोंद, हिशेब वेगळा असायचा; पण मला वाटलं, पावती पुसली की त्या माणसाची हळदच हिशेबातून जाणार. गोदामातनं पोती गायब झाल्याचं स्वप्नसुद्धा पडलं मला!

सर परतले त्याच दुपारी छपाई थांबली. बाहेर हळदीच्या ट्रॅक्टरांची रांग, वर अवकाळीचं काळं आभाळ. छापील पावतीशिवाय पोतं गोदामात घ्यायचं नाही, हा कंपनीचा नियम.

“ओ बाई, काहून थांबलं? हळद भिजली तर तुमी भरून देता का?” खिडकीतून हात आत यायला लागले.

सर पडद्यासमोर बसले. “पुसलं होतं ना ताई?”

“व्हय,” मी म्हणाले.

समोर जुन्या पावत्या जशाच्या तशा. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. एकेक पुसत राहिले. प्रिंटर करकरला तेव्हा पत्र्यावर थेंब वाजायला लागले होते. पोती आत जाऊ लागली, पण शेवटचा ट्रॅक्टर भिजलाच. एक म्हातारी पोत्यांवर पदर पसरून बसली होती.

मालक आत आले. “कोणाच्या हातनं झालं हे?”

मी फरशी बघत राहिले.

“माझ्या,” सर म्हणाले.

“उद्यापासून येऊ नका.”

मालकांना खरं सांगायचा धीर मला आठवड्यानं आला. तोवर सर गाव सोडून गेले होते. पुन्हा कधी दिसले नाहीत. पण त्यांना काढलं त्याच संध्याकाळी मी त्यांच्यामागं एसटी स्टँडवर धावले होते. “सर, मी पुसलंच नव्हतं. मी भेले होते.”

पिशवी काखेत धरून ते म्हणाले, “भ्या की ताई, मी बी रोजच भेतो. पण तुमी मला सांगून भ्यायचं होतं.”