घुमाड राक्षस पाण्यातून वर आला

गाडी सुटायची वेळ झाली, तेव्हा अम्मा रडत होती आणि अप्पा हमालाशी हुज्जत घालत होते. माझ्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. यजमान आमच्यासारख्याच तंजावुरी मराठी घरातले, पण पुण्यात सरकारी हिशेबखात्यात नोकरीला. मद्रासला गाडी बदलायची, मग पुणं. शेवटी अप्पा खिडकीशी आले आणि म्हणाले, "गोष्टी रचणं आतां पुरे कर गे. संसार कर." राजवाड्यामागच्या गल्लीतली पोरं जमवून मी राक्षसांच्या थापा मारत असे, त्यावरचा हा शेरा होता.

तुम्ही जे तंजावुरातच राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्या सगळ्यांना सांगते, पुण्यातलं पहिलं वर्ष मी मुकाट्यानं काढलं. मराठी मुलखात मला मराठी बोलायची चोरी! 'सगळी माणसं' म्हणायच्या जागी 'अस्की माणसं' म्हटलं की शेजारणी तोंडाला पदर लावायच्या. माझा पितळी कॉफी फिल्टर बघायला मात्र दोनदोनदा यायच्या.

बोलणं खुंटलं, म्हणून लिहू लागले. शाळेत संस्कृत होतं, त्यामुळे देवनागरी हाताखालची होती. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहिली. कावेरीच्या काठी एक शहर, तिथलं पाणी अडवून बसलेला घुमाड राक्षस, आणि त्याला वठणीवर आणणारी एक शाळाबुडवी मुलगी. प्रकाशक म्हणाले, "बाई, राक्षस मेलाच पाहिजे. नाहीतर पुस्तक संपल्यासारखं वाटत नाही." घुमाड माझा लाडका होता, पण छापून यायची हौस त्याहून मोठी. बुडवला बिचाऱ्याला.

पुस्तक तंजावूरला पाठवलं. अम्माची पत्रं येत राहिली, नेहमीसारखी तमिळ अक्षरांत लिहिलेली मराठी. त्यांत लोणची होती, बाळंतपणं होती, पुस्तकाबद्दल अवाक्षर नव्हतं. घरात देवनागरी कुणालाच सरावाची नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी रुसले. जगानं नाही वाचलं तरी चालेल, पण अप्पांनी वाचायला हवं होतं.

नवरात्रात माहेरी गेले. आमच्याकडे तेव्हा कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. खालच्या पायरीशी आरशाचं तळं केलेलं, आणि काठावर पोट सुटलेला एक पहिलवान बाहुला, अंगभर हिरवा रंगवलेला. पुढ्यात इवल्याशा पानावर हरभऱ्याचं सुंडल, नैवेद्याची कोरडी उसळ.

"हा कोण?"

"तुझाच घुमाड की," अम्मा म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. कचेरीतून आल्यावर अप्पा झोपाळ्यावर बसायचे, माझं जुनं संस्कृतचं पुस्तक शेजारी ठेवायचे आणि एकेक अक्षर लावत गल्लीतल्या पोरांना माझी कादंबरी वाचून दाखवायचे. आषाढापासून हेच चाललं होतं. पुरी होईपर्यंत मला कळवायचं नाही, अशी अम्माला ताकीद होती.

"पण अप्पा, तो तर बुडतो ना?"

अप्पांनी बाहुल्यापुढचं पान सरळ केलं. "पोरं अस्की रडूं लागली. मग मीच त्याला वर काढलों. वर येऊन तो म्हणतो, भूक लागली."

गोष्टी पुरे म्हणणारे अप्पा! जन्मभर दुसऱ्यांचे मसुदे उतरवून काढणारा हा कारकून! मी पोट धरधरून हसले आणि मग रडलेही. पोरं तोवर दारात येऊन पुढचं मागत होती.

"पुढचं तूच लिही गे," अप्पा म्हणाले. "मला कचेरी आहे."

दुसरी कादंबरी तिथूनच सुरू झाली, घुमाडाच्या भुकेपासून. प्रकाशक कुरकुरले, पण छापली. ती खपली, म्हणून तिसरी मागितली. त्यानंतर काही ते कुरकुरले नाहीत.

आता पुण्यातच माझं बिऱ्हाड आहे, रेशनकार्ड आहे, मुलांच्या शाळा आहेत. चहासुद्धा पिते, नाइलाज असला तर. शाळांतून बोलावणी येतात. परवा एका चष्मेवाल्या मुलीनं उभं राहून जाबच विचारला, "तुमच्या पहिल्या पुस्तकानंतर एकही राक्षस मेलेला नाही. असं का?"

"आमच्या घरी चालत नाही," मी म्हटलं.