नागुबाईच्या आवाजावर पारखलेले स्पीकर

लुंबिनीची आणि माझी भिंत एकच. मुदखेडात स्टेशनच्या मागे आमची घरं चिकटून आहेत आणि मधली भिंत एका विटेची. त्यामुळे गेल्या चार वर्षांत जिल्ह्यातली कितीतरी लग्नं मी शिलाई मशीनवर बसून, कुणी न बोलावता ऐकली. लुंबिनी घरी बसून लग्नाचे व्हिडिओ जोडते. नांदेडचा स्टुडिओवाला वैजनाथ शूटिंग आणून देतो, ही नको ते कापते, हवं ते जोडते, आवाज बसवते. गल्लीला वाटतं पोरगी दिवसभर टीव्ही बघते. मी समजावणं सोडून दिलं आहे.

एक दिवस वैजनाथ मोटारसायकलवर आला आणि दारातूनच म्हणाला, "गिऱ्हाइकं बोंबलून राहिलीत. गाणं पोकळ आणि बोलणं कानात सुया टोचल्यावानी. तुझा कान कच्चा हाय, लुंबिनी. हे उमरीचं लग्न तेवढं पुरं कर. पुढं तू नुसतं चित्र काप, आवाजाला मी दुसरा माणूस बघितलाय."

तो गेल्यावर ती माझ्याकडे येऊन बसली. रडली नाही. "काकू," ती म्हणाली, "चित्र कुणीबी कापतंय. आवाज गेला तर माझं काय राहिलं यात?"

मला त्या वैजनाथचा असा राग आला की ब्लाउजची बाही उलटी शिवली गेली.

चूक तिनेच शोधली. ती आवाज ऐकायची तो जयंतीच्या खोक्यांवर. तिच्या वडिलांनी, रविकांतने, चौदा एप्रिलला दारात लावायला दणदणीत बासचे मोठे स्पीकर घेतले होते. एक दिवस गल्ली हलवायची, उरलेलं वर्षभर लुंबिनीचं काम. आता ते खोके प्रत्येक गाण्यात आपला दणका मिसळणार. ही तो दणका कमी करत बसायची आणि बोलणं दबतं म्हणून बोलणं वर चढवायची. तिच्या खोलीत सगळं बरोबर वाजायचं. गिऱ्हाइकाच्या टीव्हीत तो दणका नाही, मग उरायचं काय? पोकळ गाणं आणि किंचाळणारी नवरी.

"खोक्यांची चूक न्हाई," ती म्हणाली. "ते मिरवणुकीसाठी हायेत. मी त्यांना तराजू समजून बसले."

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ती नांदेडला गेली. वजिराबादच्या एका दुकानात शिरलो. दुकानदाराने सगळ्यात मोठा, निळे दिवे लुकलुकणारा सेट काढला आणि असं गाणं लावलं की माझ्या हातातली पिशवी थरथरली. मला तर तोच आवडला. लुंबिनीने पेन ड्राइव्ह पुढे केला. "गाणं नको. हे लावा."

त्यात तिच्या आईचा, नागुबाईचा आवाज होता, भाजी निवडता निवडता ओरडतानाचा. "अगं पाणी आलंय, घागर आण. किती हाका मारू? कान हायेत का भोकं हायेत?"

दुकानातले सगळे हसले. लुंबिनी हसली नाही. मला म्हणाली, "गाणं कुठंबी भारीच वाजतंय, काकू. मायचा आवाज मी जन्मल्यापासून ऐकून राहिले. खोका खोटं बोलला की कळतंय मला."

मोठ्या सेटवर नागुबाई विहिरीतून बोलत होती. दुसऱ्यावर ती इतकी गोड झाली की लुंबिनीने लगेच मान हलवली, "एवढी गोड माय कधीच बोलत न्हाई." दुकानदार वैतागत गेला, ही लावायला सांगत गेली. शेवटी त्याने कोपऱ्यातली धूळ बसलेली, स्वस्तातली दोन छोटी खोकी काढली. दिवे नाहीत, झगमग नाही. त्यावर आवाज सुरू झाला आणि मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं नागुबाई खरंच दारात येऊन उभी राहिली.

"ताई, यात दम न्हाई," दुकानदार म्हणाला.

"दम माझ्याकडं हाय. तुम्ही बिल करा."

घरी येऊन तिने ती खोकी विटा रचून बरोबर कानाच्या उंचीवर ठेवली, भिंतीपासून हातभर पुढे ओढली, कारण भिंतीला टेकवली तर आवाज पुन्हा घुमतो म्हणे. आपल्या डोक्यापासून दोन्हीचं अंतर माझ्या टेपने मोजलं. समोरच्या उघड्या भिंतीवर माझी जुनी वाकळ टांगली. रविकांत म्हणाला, एवढ्याशा डब्यांनी काय होणार. गल्लीतल्या बायका वाकळ बघून हसून गेल्या. हसू द्या. नागुबाईने आपला आवाज ऐकला आणि पुढचे दोन दिवस ती हळू बोलत होती.

मग लुंबिनीने उमरीचं लग्न लावलं. नवरी करिश्मा, पांढऱ्या साडीतली. त्रिशरण-पंचशील झालं, प्रतिज्ञा झाल्या, आणि बाहेर डीजे सुरू झाला. इथे आवाजावर दुसरं गाणं चढव, असं वैजनाथने लिहूनच दिलं होतं. पण त्या छोट्या खोक्यांत डीजेच्या खालून काहीतरी येत होतं. लुंबिनी तेवढाच तुकडा दिवसभर घासत बसली. संध्याकाळी तिने भिंतीवर थाप मारून मला बोलावलं.

प्रतिज्ञेसाठी नवरीला लावलेला माइक चालूच राहिला होता. करिश्माची आई चांगुणा लेकीच्या कानाशी म्हणत होती, "न्हाई जमलं तर सरळ निघून ये. लोकं काय म्हणतील ते मी बघून घेईन. दार उघडं हाय."

मी माझ्या लेकीला, राजकन्येला, सासरी पाठवताना "आता तेच तुझं घर" म्हणाले होते. मला तिथे बसवेना.

वैजनाथने ऐकलं आणि तो भडकला. "लग्नाच्या व्हिडिओत असलं कुणी ठेवतं का? काढ ते."

"माय-लेक काढ म्हणल्या तर काढते. तुम्ही म्हणून न्हाई."

"काम जाईल तुझं."

"जाऊ द्या. पण त्यांना न विचारता मी ते पुसणार न्हाई."

लुंबिनीच्या निरोपावरून रविवारी करिश्मा आईला घेऊन मुदखेडला आली. वैजनाथही आला, दारातच उभा राहिला. लुंबिनीने करिश्माला आपल्या खुर्चीवर, बरोबर दोन्ही खोक्यांच्या मधोमध बसवलं आणि तुकडा लावला.

करिश्माने तो तीनदा ऐकला. मग आईकडे वळून म्हणाली, "माय, त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं न्हवतं. डीजे वाजत व्हता."

चांगुणाबाईंनी पदर सारखा केला. "मला वाटलं ऐकून गप बसलीस," त्या म्हणाल्या. "हाय तसं राहू द्या, पोरी. नवऱ्याच्या घरच्यांनाबी ऐकू द्या."

वैजनाथने चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, "बरं. आवाज तूच बघत जा."

लुंबिनीने खुर्ची परत आपल्याकडे ओढून घेतली. "मीच बघत व्हते," ती म्हणाली.

मी घरी आले, मशीन बंद केली आणि राजकन्येला फोन लावला.