कुरणाचं कुंपण तोडतं कोण?

हसनाबादकडच्या त्या कुरणाचा विषय निघाला की माझ्यातला पोलीस अजूनही जागा होतो. निजामी राजवटीची अखेरची वर्षं होती. मी तेव्हा अमीन होतो, म्हणजे आजचा फौजदार. सरकारनं घोड्यांच्या चाऱ्यासाठी एका गावाचा अख्खा माळ राखीव केला, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि गावातलाच एक माणूस रखवालदार नेमला. पिढ्यान्‌पिढ्या जिथं गुरं चारली, तिथं पाय ठेवायची बंदी झाली. गाव आतून धुमसत होतं. आम्ही गेलो की चावडीसमोरच्या गप्पा बंद पडायच्या.

मग कुंपणाला खिंडार पडू लागलं. पण आत गुरं शिरत नव्हती, गवतही कापलं जात नव्हतं. चोर काहीच चोरत नाही, तेव्हा पोलिसाला जास्त संशय येतो. वरिष्ठांना त्यात निजामाविरुद्धची चळवळ दिसली, मला लपवलेली हत्यारं. गवत तुडवून झडती घेतली. मिळालं काय, तर मधोमध म्हसोबाचा शेंदरी दगड आणि त्यावर वाळलेले पिवळसर ओघळ. पंचनाम्यात तेवढं नोंदवून परत आलो.

काही दिवसांनी रखवालदारच खबर घेऊन आला. "साहेब, आमच्या गावच्या म्हाताऱ्या गुराख्याला म्या सोता पाह्यलं. खिंडारापाशी उभा व्हता, हातात काटे व्हते."

म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं.

"कुंपण तोडलंस?"

"न्हाई सरकार. मी तर लावून राह्यल्तो."

"मग तोडलं कुणी?"

यावर तो गप्प. जमादार मिशीत हसला. मलाही ती शुद्ध थाप वाटली. दरडावलं, गोडीत घेतलं, म्हातारा ढिम्म. चळवळीचा माणूस म्हणून वर पाठवला असता, तर या वयात तो तुरुंगातून जिवंत परतला नसता. हे त्यालाही कळत होतं. तरी तोंड उघडेना.

खबर देणाऱ्यावरही नजर ठेवावी, हा माझा नेम. म्हणून दुसऱ्या दिवशी जबानीच्या निमित्तानं रखवालदाराचं घर गाठलं. त्याची म्हैस नुकतीच व्याली होती. बायकोनं वाटीत खरवस आणून ठेवला. तो पिवळसर रंग पाहिला आणि माळावरचा दगड डोळ्यांसमोर आला. आमच्या घरीही जनावर व्यालं की पहिला चीक देवाला घातल्याशिवाय कुणी चाखत नसे.

"देवाला दिला का, बाई?" मी विचारलं.

"दिल्याबिगर कसा खायचा, साहेब?"

"कोणत्या देवाला?"

बाई नवऱ्याकडे बघू लागली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खरवस त्यानंही ओरपला होता, पण बायको चीक घेऊन कुठं गेली होती हे विचारलं नव्हतं.

"ज्याच्या घरी जनावर व्यालं, त्या घरची बाई जाती," ती अखेर म्हणाली. "काटे बाजूला करायचे, म्हसोबाला चीक घालायचा, जल्दी माघारी यायचं. गवताच्या काडीला बी कुणी हात लावत न्हाई. मी बी गेल्ते."

रखवालदार खाली बघून म्हणाला, "साहेब, माझी खबर चुकली." मी शांतपणे खरवस संपवला. नवा पंचनामा झाला: कुंपण वाऱ्यानं पडलं. त्या आठवड्यात झाडाचं पानसुद्धा हललं नव्हतं, पण पंचांनी गंभीर चेहऱ्यानं अंगठे उठवले.

म्हाताऱ्याला सोडताना विचारलं, "तू तिथं काय करत होतास?"

"बाया घाईत असत्यात. खिंडार तसंच ऱ्हातं. गुरं आत गेली की समद्या गावावर बालंट. म्हून मागून मी लावून घेतो."

"मग सांगायचं नाही का?"

"समद्या बायांना तुमी चावडीवर उभं केलं असतं."

"निदान रखवालदाराच्या बायकोचं तरी सांगायचं. तिच्या नवऱ्यानंच तुला धरून दिलं."

पागोटं बांधता बांधता म्हातारा म्हणाला, "तिनं काय केलं साहेब? ती बी आमच्याच गावची हाय की."

गप्प बसणारा माणूस स्वतःची कातडी वाचवत असतो, असं मी तोवर धरून चाललो होतो. पुढं नोकरीभर संशय घेतच राहिलो, तो आमचा धंदाच. पण कुणी गप्प बसला, की आधी त्याच्या मागं कोण उभं आहे हे बघू लागलो. त्या दिवशी म्हाताऱ्याला खाडकन सलाम ठोकावा, असं फार वाटलं. ठोकला नाही. जमादार बघत होता.