वीतभर वर

कॉलेजच्या मैदानावर नेट बांधायचं काम मावशीकडे होतं. ती खेळाच्या विभागातली शिपाई. चेंडूत हवा भरायची, फक्कीनं रेघा मारायच्या, सामानाच्या खोलीच्या किल्ल्या कमरेला वागवायच्या आणि पोरी धडपडल्या की गुडघ्याला औषध लावता लावता चार शब्द ऐकवायचे. सगळं कॉलेज तिला मावशी म्हणे, पण सख्खी मावशी ती एकीचीच. ती भाची दुसऱ्या वर्षाला होती, मावशीकडेच राहायची. उंचीपायी टीममध्ये तिचं नाव पडलं होतं शिडी.

आता ही टीम म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हतं. मुलींच्या व्हॉलीबॉलची ढाल सलग अकरा वर्षं इथंच येत होती. प्राचार्यांच्या खोलीत भिंत पुरेना, म्हणून घड्याळ काढून दाराच्या वर टांगलं होतं. समोरच्या टीमच्या पोरी नाणं वर उडालं की तिथंच अर्ध्या हरायच्या. लोक म्हणत, या मैदानाच्या मातीतच काहीतरी आहे. मावशी ऐकून घ्यायची. मातीत काय आहे ते तिला ठाऊक होतं. माती रोज तीच झाडायची.

जे काय होतं ते नेटात होतं. बारा वर्षांमागं तेव्हाच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे टीमला शिकवणाऱ्या बाईंनी, मावशीला एक काठी दिली होती. काठीवर दोन खाचा. खालची मुलींच्या नेटाची, वरची पुरुषांच्या. मध्ये वीतभर अंतर. "सरावाला वरच्या खाचेला बांधायचं. सामना असला की सकाळी खाली घ्यायचं. आणि मावशी, पोरींना कळू द्यायचं नाही. कळलं तर नेटाकडं बघत उड्या मारतील."

मावशीनं कळू दिलं नाही. पोरींना वाटायचं, सगळीकडं नेट एवढंच असतं. दुसऱ्या गावी खेळायला गेल्या की यांची हमखास एक तक्रार असे. नेट बुटकं बांधलंय. पंच बिचारे पट्टी आणून मोजायचे, उंची बरोबर निघायची. मग पोरी गालात हसायच्या आणि त्या 'बुटक्या' नेटावरून समोरच्यांना झोडपायच्या.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी पहिल्या ढालीच्या वेळची कप्तान शिकवायला आली. पोरी तिला अजून कप्तानच म्हणत. तिचे केस मानेपर्यंत कापलेले. टीममध्ये निवड झाली की पोरीनं आधी न्हाव्याकडे जाऊन तसेच केस कापून यायचे, अशी रीतच पडली होती. घरी रडारड व्हायची, पण वेण्या जायच्याच.

फायनलला आठ दिवस होते. सकाळी शिडी ओले कपडे दोरीवर टाकत होती, डाव्या हातानं. उजवा पोटाशी धरलेला.

"तो हात काय गहाण टाकलाय का?" मावशीनं विचारलं.

"वर जात नाही."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"आणि तोंड शिवलं होतं काय तुझं?"

"सांगितलं तर बाहेर बसवतील. चेंडू मारताना जातो ना वर. नंतर दुखतो, दुखू दे."

मावशी कॉलेजात गेली तशी सरळ कप्तानच्या टेबलापुढं उभी राहिली.

"एक विचारू? तू केस का कापलेस गं त्या वेळी?"

कप्तान हसली. "आज बरी आठवण झाली. विंचरता येत नव्हते म्हणून. तिसऱ्या वर्षाला खांदा गेला, हात डोक्यापर्यंत पोचेना. आई रोज कुठं विंचरत बसणार. अजून पंख्याचं बटण डाव्या हातानंच दाबते."

"मग या पोरी कापतात त्या कशासाठी?"

"मी कापले म्हणून. मी कुठं सांगितलं त्यांना."

मावशी मैदानावर गेली आणि नेट खालच्या खाचेला बांधलं. सगळ्या टीमसमोर.

कप्तान मागोमाग आली. "मावशी, नेट उतरलंय."

"उतरलं नाही. मी उतरवलंय. मुलींचं नेट एवढंच असतं." आणि तिनं बारा वर्षांचं सगळं सांगून टाकलं. मोठ्या बाई, काठी, दोन खाचा.

कप्ताननं नेटाची दोरी हातात धरली. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही जिंकलो ते यामुळं?"

"उड्या तुम्हीच मारल्यात. मी खाली उभी होते."

"आठ दिवस राहिलेत. फायनल होऊ दे, मग उतरव."

"वीतभर वर मारून मारून तुझा खांदा गेला, आता शिडीचा हात वर जात नाहीये. दोन महिने झाले. फायनल झाल्यावर खांदा काय मी सामानाच्या खोलीतून काढून देऊ?"

शिडी तिथंच होती. तिनं मावशीकडं असं बघितलं की दुसरी कुणी असती तर तिथंच भस्म झाली असती. मावशी नेटाच्या गाठी आवळत राहिली.

कप्ताननं शिडीला बाहेर बसवलं. फायनल दुसऱ्या गावी, सकाळची. पाच सेटपर्यंत गेली आणि टीम दोन गुणांनी हरली. समोरच्या पोरींना स्वतःलाच पटेना, त्या पंचाकडे बघत राहिल्या. बाराव्या ढालीसाठी प्राचार्यांनी आधीच खिळा ठोकून ठेवला होता.

परतीच्या बसमध्ये शिडी मावशीशेजारी बसली, कारण दुसरी जागाच नव्हती. अर्धा रस्ता खिडकीकडे तोंड. मग म्हणाली, "तुझ्यामुळं हरलो."

"हो."

"नुसतं हो?"

"मग काय म्हणू? मी नसते तर जिंकला असतात. पुढच्या वर्षी कप्तानसारखी तूही डाव्या हातानं पंख्याची बटणं दाबत बसली असतीस."

"माझा खांदा होता. मी ठरवलं असतं."

"तू काय ठरवलं होतंस ते कपड्यांच्या दोरीपाशी बघितलं मी."

शिडीला हसू आलं नाही. तिनं पाण्याची बाटली डाव्या हातानं उघडायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा मावशीपुढं धरली. मावशीनं उघडून दिली.

पुढच्या सीटवरून कप्तान मागं वळली. "मावशी, सोमवारी मी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीये. दोघींसाठी."

"शिडीबरोबर दुसरी कोण?"

"मी. तुला यावं लागेल, आम्हा दोघींनाही दाखवायची भीती वाटते."

मावशीनं शनिवारी जाऊन सोमवारसाठी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं, 'खांदे'. प्राचार्यांनी दोनदा वाचलं, आणि न विचारता सही केली.