धर्मशाळेचे धाकूमामा

धाकूमामा मिस्त्री आधी लाकडाशी बोलायचे, मग माणसांशी. महाडच्या बाजारपेठेतल्या जुन्या धर्मशाळेत मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका सागवानी खांबाला कान लावून उभे होते. बोटांच्या पेरांनी टकटक करायचे, ऐकायचे, पुढच्या खांबाकडे जायचे. मी नवी ग्रंथपाल. नमस्कार केला तर म्हणाले, "थांबा बाय, ह्याचं आयकून होऊ दे."

त्या धर्मशाळेत सार्वजनिक वाचनालय करायचं ठरलं होतं. पण खांब कुजलेत, सगळं पाडून स्लॅबची इमारत बांधा, असं ठेकेदाराचं मत होतं आणि समितीही तिकडेच झुकली होती. शेवटचं एक मत घ्यावं म्हणून अध्यक्षांनी पोलादपूरहून मामांना बोलावलं होतं. संध्याकाळी मामा बैठकीत म्हणाले, "कीड पायात हाय, अंगात नाय. एक खांब माझ्या हवाली करा. तो उभा राह्यला तर बाकीचं बोला."

आठ दिवसांत त्यांनी वरचा भार टेकूंवर तोलून खांबाचा कुजका बुंधा कापला आणि खाली काळा दगड बसवला. अध्यक्षांनी स्वतः खांद्याने रेटा देऊन पाहिला. खांब हलला नाही. पाडकामाचा विषय तिथेच संपला आणि सगळं काम मामांकडे आलं.

मग आमचं दोघांचं वाजलं. मला पुस्तकं तळमजल्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत हवी होती. मामा कपाटं माडीवरच करायला निघाले. "पुराचं पाणी आत येतंच, बाय. वर ठेवलीत तर त्याला वाचायला मिळायची नायत." मी दोन दिवस अबोला धरला. तेवढ्यात त्यांनी म्हाताऱ्यांना चढता यावं म्हणून जिन्याच्या पायऱ्या बुटक्या करायला घेतल्या.

पुढच्याच पावसाळ्यात खाली कमरेएवढं पाणी आलं. बाकं तरंगली, पुस्तकं कोरडी राहिली. मामा चिखल काढायला आले, आधी खांबांवर टकटक करून ऐकलं, मग फावडं उचललं.

गेल्या वर्षी मामा गेले. महिन्याभराने त्यांच्या पत्नी एसटीने एकट्याच आल्या. माडीवर येऊन वाचणाऱ्या माणसांकडे बघत राहिल्या.

"मला म्हणायचे, वाचनालयात दोन कपाटं करायचीत. दोन कपाटांना वरीस लागतं व्हय, म्हणून मी भांडायची."

"मामी, हे सगळं त्यांनीच उभं केलंय."

मामी खिडकीजवळच्या खुर्चीत टेकल्या. त्यांनी विचारलं, "साडेपाचलाबी गाडी हाय ना गो?"

"आहे."

"मग बसते अजून."