धुतलेली बशी

पहिल्याच दिवशी घोळ झाला. बाई वर्गात शिरल्या आणि अख्खा वर्ग उठून उभा राहिला. पिकलेले केस, नाकावर चष्मा, हातात कापडी पिशवी. पोरांना वाटलं, शिकवायलाच आल्या. बाई गुपचूप तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या, तेव्हा असा हशा पिकला की विचारू नका. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं मॅडम. नाव मोठं मानाचं, पण त्या मानापायी शेजारी बसायला कुणी येईना.

आता पन्नाशी उलटल्यावर या कॉलेजात कशाला तडमडल्या, असं तुम्ही म्हणाल. तर त्यांच्या नवऱ्याचा फिनेल आणि फरशी पुसायचं औषध बनवायचा छोटा कारखाना होता. तो गडी सगळं अंदाजपंचे ओतायचा आणि माल बिनचूक उतरायचा. तो गेला आणि अंदाजही सोबत घेऊन गेला. पुढचा माल दुधासारखा फाटला, गिऱ्हाइकं पांगली. दुसऱ्या शहरातला मुलगा म्हणाला, "आई, विकून टाक आणि इकडे ये राहायला."

"एक वर्ष दे मला," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी दोन विषयांना नाव घातलं. एक व्यापाराची ओळख, दुसरा केमिस्ट्रीची. दोन्हीत पास झाल्या तर कारखाना राहणार. नाहीतर मुलाच्या घरातली मागची खोली होतीच.

व्यापाराच्या तासाला गट पाडले होते. प्रत्येक गटानं एक धंदा उभा करून दाखवायचा. मॅडमच्या गटातली पोरं चांगली होती हो, उगाच कशाला नावं ठेवा! पण मॅडमनी तोंड उघडलं की सगळी अदबीनं गप्प व्हायची, आणि मग म्हणायची, "मॅडम, तुम्ही नुसत्या बसा, आम्ही करतो." चर्चा त्यांच्या फोनवर चालायची. त्यात मॅडमना घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. जन्मभर धंदा जवळून पाहिलेली बाई धंद्याच्या गटात पाहुणी होऊन बसली.

केमिस्ट्रीत तर गाठ थेट नियमाशीच होती. प्रॅक्टिकल जोडीनंच करायचं. जोडीदार नसेल त्याला परीक्षेला बसता येत नाही. मॅडम टेबलापाशी एकट्या उभ्या राहायच्या, आणि जवळून जाणारं प्रत्येक पोर "एक्स्क्यूज मी, मॅडम" म्हणून वळसा घालायचं. शेवटी एका चष्मेवालीचा जोडीदार विषय सोडून गेला, म्हणून सरांनी तिला मॅडमच्या टेबलावर आणून सोडलं. पोरगी तोंड पाडूनच आली. "तुम्ही लिहून घ्या, बाकी मी बघते," एवढंच बोलायची. मॅडमना तेवढंही पुष्कळ होतं. घरी तर भिंतींशी बोलायची वेळ आली होती.

त्या आठवड्यात तुरटीचे स्फटिक बनवायचे होते. द्रावण तापवून झालं आणि तेवढ्यात मॅडमना निघावं लागलं, कारण मुलानं परस्पर कारखाना बघायला गिऱ्हाईक पाठवलं होतं. मागाहून चष्मेवालीनं ते द्रावण एका बशीत ओतलं आणि सुकायला सिंकपलीकडच्या ओट्यावर ठेवलं. पुढच्या आठवड्यात तयार स्फटिक सरांना दाखवायचे, आणि त्याचे मार्क परीक्षेत धरायचे.

पुढच्या आठवड्यात मॅडम लवकर आल्या. प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. ओट्यावर बशी दिसली, तळाशी पांढरं पांढरं धरलेलं. ओटा म्हटलं की या बाईचे हात काही विचारून का चालतात? अगं बाई, कुणी खरकटी ठेवली ही, असं म्हणत नळ सोडला, खसाखसा घासली, पुसून लख्ख केली आणि पालथी घातली. वर बरंही वाटलं, सकाळपासून काहीतरी उपयोगाचं झालं म्हणून.

चष्मेवाली आली, बशीकडे बघितलं आणि किंचाळलीच. "काय केलंस हे! आठवडाभर सुकत होतं ते! अक्कल गहाण ठेवलीस का? विचारायचं तरी!"

तोवर सर आणि बाकीची पोरंही आली होती, सगळी वळून बघायला लागली. मॅडम सरळ सरांकडे गेल्या. "सर, चूक माझी आहे. शून्य द्यायचा तर मला द्या, तिला नको."

सर काही बोलायच्या आत चष्मेवाली मागून आली. "नाही सर, दोघींनाच परत करू द्या. एकटीला जमणार नाही मला." मग मॅडमकडे वळून फणकाऱ्यानं म्हणाली, "आणि यावेळी नळाला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," मॅडम म्हणाल्या. सरांनी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली, आणि लवकर यायचं म्हणून चष्मेवालीनं बजावलं.

संध्याकाळी मॅडमनी मुलाला फोन लावला. "आज एका मुलीनं मला सगळ्यांदेखत झापलं रे."

"काय?" मुलगा उसळला. "कोण ती? आई, पुरे झालं आता. या वयात कशाला हा अपमान? मी त्या गिऱ्हाइकाला होकार कळवून टाकतो."

"खबरदार! तसलं काही करू नकोस," मॅडम म्हणाल्या. "अरे, तुझे बाबा गेल्यापासून माझ्यावर कुणी ओरडलंच नव्हतं."

"आई, अगं पण..." मुलगा म्हणाला.

"ठेवते आता," मॅडम म्हणाल्या. "सकाळी लवकर बोलावलंय तिनं. उशीर झाला तर परत ओरडेल."